बॅटरी बसली की सेल्फ दमला?

पिंप्राळ्याचं रेल्वे फाटक जळगावकरांना चांगलंच ठाऊक आहे. उड्डाणपूल होण्याआधी तिथं अडकलेल्या जुन्या फियाटवाल्याची पंचाईत व्हायची. इंजिन चालू ठेवावं, तर डायनामो मंद गतीत जेमतेम करंट देई आणि हेडलाइटचा भार बॅटरीवर पडे. बंद करावं, तर फाटक उघडल्यावर सेल्फ उचलेल याची खात्री नसे. मागून हॉर्न वाजायला लागले की खाली उतरून धक्का मारायचा, नाहीतर हँडल.

हँडल हीच गाडी चालू करण्याची मूळ रीत. इंजिनानं उलटा झटका दिला की मनगट मोडायचं, माणसं जिवालाही मुकली. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा सेल्फ स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. ही मोटर काही सेकंदच फिरते, म्हणून लहान असूनही तिला तेवढ्यापुरता प्रचंड करंट देता येतो, हे त्यांनी ओळखलं. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांची १८५९ ची शिशाची बॅटरी तोवर अर्धशतक जुनी झाली होती. सेल्फमुळे ती मोटारीचा कायमचा भाग झाली.

आपल्याकडे ही गोष्ट कुर्ल्याला येते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. १९५० च्या दशकात तिथून फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि तिचीच पुढे ‘पद्मिनी’ झाली. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर उतरली. हौशी माणसांनी मात्र या गाड्या अजून जपल्यात.

त्या काळातल्या बॅटरीला कठीण रबराची पेटी असे. वर डांबर ओतलेलं, त्यावर आतल्या घरांना (सेलना) जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्या दिसत. एखादं घर मेलं की कारागीर डांबर तापवून मऊ करी, पट्टी कापून प्लेटांचा जुडगा वर उपसून काढी, खराब प्लेटा बदलून पट्टी पुन्हा झाळून टाकी. बॅटरी दुरुस्त करणं हा तेव्हा खरोखरचा धंदा होता. एकसंध प्लास्टिकच्या पेट्या आल्या आणि ते काम जवळपास संपलं. आता सेल्फ हळू फिरला की थेट नवी बॅटरी घेतली जाते, आणि इथंच पैसे वाया जातात.

कारण दोष बॅटरीचाच असतो असं नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटर लावावा: १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२ म्हणजे बरीच उतरलेली. मग सेल्फ मारताना बघावं. काटा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी कमजोर, किंवा सेल्फच जाम होऊन जास्त करंट ओढतोय. व्होल्टेज टिकलं आणि तरी सेल्फ रडतोय, तर वायरिंगकडे वळावं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचलेली असते, अर्थिंगची पट्टी चेसिसला जिथं कसलेली असते तिथं रंग आणि गंज असतो. दोन-चार वेळा सेल्फ मारून जोडांवर हात ठेवावा. जो जोड तापला, तोच बहुधा गुन्हेगार. हे सगळं ठीक असेल तर सेल्फ उतरवून कार्बन आणि बुश बघायचे.

आणखी जुन्या गाड्यांत वेगळीच मेख असते. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक अमेरिकन गाड्या सहा व्होल्टच्या. तेवढंच काम करायला त्यांना दुप्पट करंट लागतो, म्हणून मूळ केबल जाडजूड असते. कुणीतरी मधेच बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल घातली की सेल्फ कायमचा मंदावतो, मग बॅटरी कितीही नवी असो. मॉरिस, ऑस्टिनसारख्या अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. सवयीनं उलटी जोडणी केली तर नुकसान ठरलेलं.

खानदेशात उन्हाचा मुद्दा टाळताच येत नाही. बॅटरीतली रासायनिक झीज दर दहा अंशांमागे ढोबळमानानं दुप्पट होते, आणि जळगावचा मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो. पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात. म्हणून डायनामोच्या गाडीला बुचं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालता येईल अशी साधी बॅटरीच घ्यावी. सीलबंद बॅटरीला भरायला बहुधा थोडं जास्त व्होल्टेज लागतं, ते जुना डायनामो देईलच असं नाही. गाडीच्या पुस्तकात असेल तेवढीच अँपिअर-अवर क्षमता पुरे. मोठी बॅटरी बसवली म्हणून डायनामो जास्त करंट देत नाही. ट्रेचं माप, टर्मिनलची बाजू आणि पेटीवरची उत्पादनाची तारीख दुकानातच तपासावी.

आणि जुनी बॅटरी रस्त्यावरच्या भंगारात टाकू नये. शिसं आणि ॲसिड जमिनीत मुरतं. ती नवी देणाऱ्या दुकानदारालाच परत करावी, जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम देशात २००१ पासून आहेत.