वय वर्षे अठरा

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी फरशी बसवलेली आहे. १९१४ ते १९१९च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांतली किती कामी आली, एवढाच मजकूर तिच्यावर आहे. आकडे दोन, नाव एकही नाही. अशा फरशा साताऱ्यात आणि कोकणात बऱ्याच गावांत पाहायला मिळतात. आमच्या फरशीवरच्या दुसऱ्या आकड्यात माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ आहेत. मराठा पलटणीतून ते मेसोपोटेमियात गेले. घरात त्यांच्याविषयी एकच वाक्य शिल्लक आहे: ‘मिसरूड फुटलं नव्हतं, तेव्हा गेला.’

इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. नोकरी सांभाळून, या एका वाक्याच्या मागे लागून मी त्या युद्धाची कागदपत्रे वाचायला शिकलो. वाचता वाचता ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारापर्यंत पोहोचलो. त्यांनी पहिल्या महायुद्धातल्या आपल्या सैनिकांच्या फायली संगणकावर सर्वांना खुल्या केल्या आहेत. एकेका शिपायाची स्वतंत्र फाइल: कधी भरती झाला, कोणत्या जहाजावर चढला, केव्हा आजारी पडला, कुठे मेला. आमच्या फरशीवरच्या एका आकड्यासमोर हे केवढे ऐश्वर्य वाटले! तिथेच मला शिपाई क्रमांक १५५३, जेम्स चार्ल्स मार्टिन भेटला. घरचे त्याला जिम म्हणत.

जिमचा जन्म ३ जानेवारी १९०१चा, न्यू साउथ वेल्समधल्या टोकमवाल या गावचा. पाच बहिणींत तो एकटा भाऊ. कुटुंब पुढे मेलबर्नच्या हॉथॉर्न भागात राहायला आले. शाळा सुटल्यावर जिम शेतमजुरी करू लागला. १९१४च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले. वडील चार्ल्स भरतीला गेले, पण त्यांना नाकारण्यात आले. मग मुलाने हट्ट धरला. परवानगी दिली नाहीत तर पळून जाऊन खोट्या नावाने भरती होईन आणि पत्रही पाठवणार नाही, असे त्याने आईला, अमेलियाला बजावले. आईवडिलांनी नाइलाजाने होकार दिला. १२ एप्रिल १९१५ रोजी तो भरती झाला. कागदावर वय लागले अठरा. खरे वय होते चौदा वर्षे तीन महिने.

हे खपले कसे? नियम असा होता की वय एकवीस हवे. अठरा पूर्ण झालेल्याला आईवडिलांच्या संमतीने घेता येई. जन्माचा दाखला मात्र मागत नसत. जिम वयाच्या मानाने उंच होता, तेवढे पुरले. शिवाय कवायत त्याला नवी नव्हती. ऑस्ट्रेलियात १९११पासून बारा वर्षांवरच्या मुलांना लष्करी शिक्षण सक्तीचे होते, आणि शाळेत असताना जिमनेही ते घेतलेले होते. बाराव्या वर्षापासून पोराला शिपाई म्हणून घडवायचे आणि चौदाव्या वर्षी तो दारात आला की वयाकडे डोळेझाक करायची, असा तो प्रकार होता.

त्यामागचे कारणही समजून घ्यायला हवे. परदेशी लढायला गेलेले ऑस्ट्रेलियन सैन्य संपूर्णपणे स्वेच्छेने भरती झालेल्यांचे होते. सक्तीची भरती असावी का, यावर १९१६ आणि १९१७मध्ये दोनदा जनमत घेतले गेले आणि दोन्ही वेळा लोकांनी ‘नाही’ म्हटले. पन्नास लाखांहून कमी वस्तीच्या त्या देशातून सुमारे ४ लाख १६ हजार माणसे भरती झाली. त्यांतली साठ हजारांवर मेली. दारात आलेल्यालाच घ्यायचे असल्यावर भरतीचा कारकून फार खोलात कशाला शिरेल? पोराला जायचे होते, आईला पोराची पत्रे यायला हवी होती, सैन्याला माणूस हवा होता. ‘अठरा’ हा आकडा सगळ्यांच्याच सोयीचा होता.

भरतीनंतर तेराच दिवसांनी, २५ एप्रिल १९१५ रोजी, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या फौजा तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरल्या. दार्दानेल्सची सामुद्रधुनी मोकळी करून कॉन्स्टँटिनोपल गाठायचे, हा दोस्तांचा बेत होता. तो किनाऱ्याजवळच्या टेकड्यांतच अडकला. मृतांच्या याद्या मेलबर्नला पोहोचू लागल्या तेव्हा जिम अजून प्रशिक्षणाच्या छावणीतच होता. आईवडिलांनी खरे वय कळवून मुलाला परत मागितले आणि सैन्याने तो परत दिला, अशी उदाहरणे त्या युद्धात आहेत. जिमच्या बाबतीत तसे घडले नाही. २८ जूनला एकविसाव्या बटालियनच्या शिपायांबरोबर तो ‘बेरिमा’ जहाजावर चढला.

इजिप्तमध्ये काही आठवडे काढून ही बटालियन ‘साउथलँड’ जहाजाने गॅलिपोलीकडे निघाली. २ सप्टेंबर रोजी लेम्नॉस बेटाजवळ जर्मन पाणबुडीचा पाणतीर जहाजावर आदळला. जहाज बुडाले नाही, पण माणसे दगावली. जिम काही तास समुद्रात होता, वाचला. ८ सप्टेंबरला तो गॅलिपोलीला उतरला.

या रणभूमीचे नाव मराठी वाचकाच्या फारसे कानावर नसते, कारण मराठा पलटणी तिथे नव्हत्या. त्याच सुमारास त्या मेसोपोटेमियात बगदादच्या दिशेने सरकत होत्या. पण ऑस्ट्रेलियनांच्या त्या डोंगरकड्यांवर हिंदी माणसे होतीच. कोहाट आणि जेकब्ज या डोंगरी तोफखान्यांचे गोलंदाज पहिल्याच दिवशी उतरले होते, आणि किनाऱ्यावरचे पाणी, शिधा, दारूगोळा हिंदी खेचरवाले वर चढवत होते. जिमसारख्यांची तहान त्यांच्या भरवशावर भागत होती.

सप्टेंबरपर्यंत लढाई थिजली होती. ऑगस्टमधले मोठे हल्ले फसले होते. काही ठिकाणी दोन्ही बाजूंच्या खंदकांत पन्नास पावलांचेही अंतर नव्हते. माणसे गोळीपेक्षा आजाराने अधिक खचत होती. पाणी मोजून मिळे, अन्न म्हणजे डब्यातले खारट मांस आणि कडक बिस्किटे, सगळीकडे माशा. हगवण आणि विषमज्वराने तुकड्याच्या तुकड्या निकामी होत होत्या. जिम तशातही घरी पत्रे लिहीत होता. माझी काळजी करू नका, असे कळवत होता. मी एवढी पत्रे लिहितो, पण निघाल्यापासून मला तुमचे एकही पत्र मिळालेले नाही, हेही त्याने लिहिले. घरून पत्रे सुटत होती. ती त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती.

ऑक्टोबरमध्ये त्याला विषमज्वराने गाठले. तापातही तो खंदकात राहिला. २५ ऑक्टोबरला त्याला ‘ग्लेनार्ट कॅसल’ या रुग्णालय-जहाजावर नेले, तेव्हा फार उशीर झाला होता. त्याच संध्याकाळी हृदयक्रिया बंद पडून तो गेला. वय चौदा वर्षे नऊ महिने. त्याला समुद्रातच मूठमाती मिळाली, मूठमाती म्हणायचे एवढेच. पुढे तीन महिन्यांच्या आत दोस्तांनी ती सगळी आघाडीच रिकामी केली.

जहाजावरच्या मेट्रन फ्रान्सिस रेडॉक यांनी अमेलियाला पत्र लिहून मुलाची अखेरची वेळ कळवली. नंतर त्याचे किडूकमिडूक सामान घरी आले. त्यात लाल-पांढऱ्या कागदी फितीचा एक तुकडा होता. जहाज सुटताना काठावरचे आणि डेकवरचे अशा फितींची टोके धरून ठेवत, ती तुटेपर्यंत. मेलबर्नच्या धक्क्यावर तुटलेला तो तुकडा त्याने जपून ठेवला होता.

आज जिमचे नाव गॅलिपोलीतल्या लोन पाइन स्मारकावर आहे. तिथे मेलेला सर्वांत लहान ऑस्ट्रेलियन म्हणून तो ओळखला जातो. त्याच्यावर पुस्तक निघाले. या ‘सर्वांत लहान’ शब्दांत एक कौतुक आपोआप येऊन बसते. मला ते टोचते. इथे विक्रम कसला? चौदा वर्षांचा मुलगा घाण पाण्याच्या आजाराने मेला, आणि तो चौदा वर्षांचा आहे हे ओळखायचे काम ज्यांचे होते, त्यांतल्या कोणी ते केले नाही.

पहिल्यांदा ती फाइल पाहिली तेव्हा मला हेवा वाटला होता. आता वाटत नाही. सगळ्या नोंदी चोख असलेल्या त्या फायलीत, ज्या एका आकड्यामुळे पोर मेले, तोच आकडा खोटा आहे. खरे वय आईला ठाऊक होते, तिच्या घरात ते सांगितले गेले, म्हणून आज आपल्याला कळते.

गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा चावडीवर थांबलो. फरशी कोणीतरी नुकतीच पुसली होती. वहीत मी आकडे पूर्वीच उतरवून घेतले होते. या वेळी त्यांच्याखाली आजीच्या तोंडचे ते एक वाक्य लिहिले, आणि समोर पुराव्याच्या रकान्यात लिहिले: घरची साक्ष.