'अमृता' आणि 'गुळवेल'

सिरसाळे ज्या परळी तालुक्यात मोडते, त्या परळीच्या वैजनाथलिंगात समुद्रमंथनातील अमृत व धन्वंतरी लपविले गेले, अशी आख्यायिका आहे. या परिसरात कडुलिंबावर चढणाऱ्या गुळवेलीसही संस्कृतात 'अमृता' म्हणतात, हा योग लक्षणीय होय. तिच्या 'गुडूची' या दुसऱ्या नावापासून प्राकृत 'गलोई' व हिंदी 'गिलोय' ही रूपे आली. मराठीने मात्र त्यात 'गूळ' पाहिला असावा. वेल तर कडू!

२०२० च्या साथीत प्रतिकारशक्तीसाठी तिचे काढे घरोघर होऊ लागले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतदाह झालेल्या ६ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. कित्येकांस पूर्वीपासून शरीराची प्रतिकारयंत्रणा शरीरावरच उलटण्याचे विकार होते. आयुष मंत्रालयाने गुळवेल निर्धोक ठरवून, 'टिनोस्पोरा क्रिस्पा' या सजातीय वेलीशी तिची गल्लत होऊ शकते, असा इशारा दिला. नामाभ्यासकास ही शंका रास्त वाटेल. परंतु एकाच नावाखाली दोन वेली खपत असतील, तर काढा उकळणाऱ्या गृहिणीने त्या कशावरून ओळखाव्यात? आणि जिच्या नावातच मृत्यूचा नकार आहे, तिचे प्रमाण विचारण्याचे तिला सुचावे तरी कसे?