दोनशे फुटांपलीकडचा शेजारी

वृद्धांसाठी घरे बांधावयाची म्हटले की त्या बेताला मान डोलावणारा मनुष्य दयाळूच असला पाहिजे, असे आपण धरून चालतो. परंतु होकारामागेही हिशेब असू शकतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात माउंट लॉरेल नावाचे गाव आहे. त्याच्या इतिहासातून ही गोष्ट फार चांगली उमगते. त्या राज्यात पुष्कळ मराठी कुटुंबे स्थायिक झालेली असल्यामुळे आपल्याला ते अगदीच परके वाटू नये.

तेथे नवी वसाहत उभारावयाची तर गावच्या नियोजन मंडळापुढे नकाशे ठेवावे लागतात. मंडळ जाहीर सुनावणी घेते. रस्ते, सांडपाणी, वाहनांची वर्दळ ह्यांची छाननी होते, आणि नागरिकांना उभे राहून आपले म्हणणे मांडता येते. 1975 साली झालेल्या तेथील भूमिवापर कायद्याने अशा जागेच्या हद्दीपासून 200 फुटांच्या आतील मालमत्तेच्या मालकांना सूचना पाठविणे आवश्यक केले. व्यवस्था लोकशाहीला शोभणारी आहे, ह्यात शंका नाही. मात्र जो त्या घरांत पुढे राहावयास येणार, तो बहुधा ह्या 200 फुटांच्या आत नसतो. त्याला सूचना जात नाही, आणि सुनावणीत त्याची खुर्ची रिकामीच राहते.

माउंट लॉरेल हे मुळात शेतीवाडीचे, सुमारे 22 चौरस मैलांचे गाव. 1950 साली त्याची वस्ती 2,817 होती, ती 1970 साली 11,221 झाली. कॅम्डन शहर अवघ्या सात मैलांवर, मोठे हमरस्ते जवळून गेलेले, तेव्हा शहरातील माणसे तिकडे वळणे स्वाभाविकच होते. गावाला चिंता पडली ती शाळांची. न्यू जर्सीत शाळांच्या खर्चाचा मोठा भार स्थानिक मालमत्ता-करावर पडतो. ज्या घरातून तीन मुले शाळेत जातात, त्या घरापासून गावाला तोटा. ज्या घरात निवृत्त पतिपत्नी राहतात, तेथून कर येतो आणि शाळेत कोणीच जात नाही, म्हणून त्यापासून नफा! माणसे अशी जमाखर्चाच्या वहीत मांडली गेली.

हा जमाखर्च गावाच्या करारांतही उतरला. मोठ्या वसाहतींना परवानगी देताना गावाने अशी अट घातली की, सदनिकांमागे शाळकरी मुलांचे प्रमाण 0.3 च्या वर गेले, म्हणजे दर शंभर सदनिकांमागे तीसहून अधिक मुले निघाली, तर वाढीव मुलांच्या शिक्षणाचा खर्च बांधणाऱ्याने सोसावा. निवृत्तांच्या वसाहतीसाठी मात्र गावाने स्वतंत्र नियम केले. वयाची अट 52 वर्षांची होती, आणि लहान मुलांना तेथे कायमचे राहण्यास वाव नव्हता. शिवाय बांधकामाच्या अटी इतक्या खर्चिक होत्या की, गरीब वृद्धाला तेथे घर परवडणे शक्य नव्हते. म्हणजे दार उघडले, ते वृद्धांतील सुखवस्तूंनाच.

त्याच गावात एथेल लॉरेन्स नावाची कृष्णवर्णीय स्त्री राहत होती. तिचे पूर्वज तेथे पिढ्यानपिढ्या नांदलेले. तिने व तिच्या सहकाऱ्यांनी गरीब कुटुंबांसाठी 36 सदनिकांची योजना मांडली. गावाने ती मानली नाही. 1971 मध्ये प्रकरण न्यायालयात गेले, आणि 24 मार्च 1975 रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. वाढत्या गावाने आपल्या भूमिवापराच्या नियमांनी गरीब व मध्यम मिळकतीच्या लोकांना वाट बंद करू नये, परिसराच्या गरजेतील आपला वाटा उचलावा, असे न्यायमूर्ती फ्रेडरिक हॉल ह्यांनी लिहिले. एथेल लॉरेन्स 1994 साली वारल्या. त्यांच्या नावाची घरे उभी राहिली, ती त्यानंतर काही वर्षांनी.

मग वृद्धांसाठी वेगळी घरे असूच नयेत काय? त्याच न्यायालयाने 1976 साली वेमथ गावच्या खटल्यात ह्याचे उत्तर दिले. वृद्धांची गरज खरी आहे, म्हणून वयाची अट वैध आहे. मात्र मुलाबाळांच्या कुटुंबांना बाहेर ठेवण्याचे निमित्त म्हणून तिचा वापर होऊ शकतो, असाही इशारा दिला. पुढे न्यू जर्सीत परवडणाऱ्या घरांचा वाटा पुरा करताना वृद्धांची घरे किती धरावीत ह्याला 25 टक्क्यांची मर्यादा आली. 2024 च्या कायद्याने ती 30 टक्के केली. वृद्धांच्या आडून तरुणांना टाळू नका, हाच ह्या आकड्यांचा अर्थ आहे.

आपल्याकडेही 1966 च्या नगररचना अधिनियमाने हरकती व सूचना मागविण्याची प्रथा कायद्यात आणली आहे, आणि ज्येष्ठांच्या वसाहतीही आता उभ्या राहत आहेत. तशी एखादी योजना आपल्या गावात पुढे आली, तर आपण हरकत घ्यावयास जाऊ अथवा पाठिंबा द्यावयास. कसेही गेलो तरी दोन प्रश्न बरोबर न्यावेत, असे आम्हांस वाटते. ह्या घरात पेन्शनीवर कसाबसा भागविणारा म्हातारा राहू शकेल काय? आणि त्याला भेटावयास आलेल्या नातवाला आपले गाव आपले म्हणेल काय? त्या दोघांनाही सुनावणीची सूचना गेलेली नसते. त्यांच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते, आणि ते काम सभागृहात हजर असलेल्यांचेच आहे.