गुरू लंडनला, शिष्य सिकंदराबादेस

आपल्याकडे गुरुशिष्यांच्या कथांना तोटा नाही. त्यांपैकी बहुतेकींत गुरू सर्वज्ञ असतो, शिष्य विनम्र असतो आणि दोघे एकाच आश्रमात राहतात. वैद्यकाच्या इतिहासात मात्र एक जोडी अशी होऊन गेली की, तिच्यातला गुरू ऐन मोक्याच्या मुद्द्यावर चुकलेला होता, शिष्य तापट आणि मानी होता, आणि दोघांच्या मध्ये सात समुद्र पसरलेले होते. तरीसुद्धा त्या दोघांच्या पत्रव्यवहारातून हिवतापाचे कोडे उलगडले. पॅट्रिक मॅन्सन आणि रोनाल्ड रॉस यांची ही हकीगत बदलीच्या हुकुमासरशी बिऱ्हाड पाठीवर घेणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींनी मुद्दाम वाचावी अशी आहे. कारण तिच्यात सूक्ष्मदर्शकाइतकेच महत्त्व सरकारी कागदाला आहे.

रॉस जन्माने हिंदुस्थानचाच. मीरतेस उठावाची ठिणगी पडली, त्यानंतर तिसऱ्या दिवशी, म्हणजे १३ मे १८५७ रोजी, तो अल्मोड्यास जन्मला. वडील लष्करात अधिकारी. त्यांच्या इच्छेखातर तो वैद्यक शिकला खरा, पण त्याचे मन काव्यात, संगीतात आणि पुढे गणितात रमे. १८८१ साली तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाला. हिवतापाचा विचार त्याने सुरू केला, तेव्हा त्याची मते प्रचलित मतांच्या विरुद्ध होती. अल्जीरियातील फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरां याने १८८० साली हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात परोपजीवी जंतू पाहिला होता. रॉसला तो काही केल्या दिसेना. म्हणून तो नाहीच, हा ताप आतड्यांतील बिघाडामुळे येतो, असे तो लिहू लागला होता.

मॅन्सन त्याच्याहून जवळजवळ तेरा वर्षांनी वडील. हा स्कॉटलंडचा. १८६६ मध्ये तो फोर्मोसा बेटावर गेला आणि १८७१ पासून चीनमधील अमॉय बंदरात जकात खात्याचा डॉक्टर म्हणून राहिला. जवळ प्रयोगशाळा नाही, ग्रंथालय नाही, चर्चा करावयास सहकारी नाहीत. अशा ठिकाणी त्याने १८७७ साली दाखवून दिले की, हत्तीरोगाशी संबंध असलेला रक्तातील सूक्ष्म कृमी डासाच्या शरीरात जाऊन वाढतो. एखाद्या कीटकाच्या शरीरात माणसाच्या रोगाचे बीज वाढू शकते, ही कल्पनाच त्या काळी नवीन होती. रॉसला मार्गदर्शन करणारा हा मनुष्य स्वतः एकेकाळी दूरच्या ठाण्यावरचा एकाकी नोकर होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. पुढच्या साऱ्या पत्रांतील जिव्हाळ्याचे मूळ त्यात आहे.

त्या संशोधनात एक चूकही राहून गेली होती. डास जन्मात एकदाच रक्त पितो आणि पाण्यावर अंडी घालून तेथेच मरतो, अशी मॅन्सनची समजूत होती. साहजिकच कृमी पाण्यात उतरत असावा आणि ते पाणी पिणाऱ्यास रोग होत असावा, असे अनुमान त्याने बांधले.

१८९४ च्या एप्रिलमध्ये रजेवर विलायतेस गेलेला रॉस मॅन्सनला भेटला. मॅन्सनने त्याच्याशी वाद घातला नाही. त्याला रुग्णालयात नेले, हिवतापाच्या रोग्याचे रक्त काचेवर घेतले आणि लाव्हरांचा जंतू त्याच्या डोळ्यांपुढे ठेवला. रॉसचा नास्तिकपणा तेथेच संपला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून चालता चालता मॅन्सनने आपली खरी कल्पना त्याला सांगितली. रक्त शरीराबाहेर आले की थोड्याच वेळात या जंतूतून चाबकाच्या वादीसारखे हालते तंतू बाहेर पडतात. शरीराच्या आत हे घडत नाही, बाहेरच घडते. त्या अर्थी जंतूच्या आयुष्यक्रमातला पुढचा टप्पा शरीराबाहेर, बहुधा डासाच्या पोटात असला पाहिजे. प्रश्न इतका नेमका मांडला गेला की आता डास चिरून पाहणे तेवढे उरले.

१८९५ साली रॉस सिकंदराबादेस पलटणीवर रुजू झाला आणि पत्रे सुरू झाली. पुढील चार-पाच वर्षांत दोघांमध्ये दीडशेहून अधिक पत्रे गेली-आली. टपाल पोचावयास तेव्हा आठवडेच्या आठवडे लागत. एका शंकेचे उत्तर हाती पडेपर्यंत रॉसने दुसरे शंभर डास चिरलेले असत. मॅन्सन या पत्रांतून सूचना करी, चुका दाखवी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धीर देई. एका पत्रात त्याने या शोधाची तुलना ख्रिस्ती दंतकथांतील पवित्र पात्राच्या शोधाशी केली आणि काही झाले तरी हे सोडू नकोस असे बजावले. १८९६ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये व्याख्याने देण्याचा मान मिळाला, तेव्हा त्याने रॉसची निरीक्षणे त्या व्यासपीठावरून मांडली. ज्याचे नाव त्याच्या छावणीबाहेर कोणास ठाऊक नव्हते, त्याचे काम अशा रीतीने थेट लंडनच्या विद्वानांपुढे गेले.

परंतु मार्गदर्शकाच्या चुकीचे ओझेही शिष्यालाच वाहावे लागले. डास मेलेले पाणी पिऊन हिवताप होतो, हे पडताळण्यासाठी रॉसने माणसांना तसले पाणी पाजून पाहिले. ती माणसे अर्थातच गोरगरीब होती. एकास थोडा ताप आला तेव्हा त्याची आशा बळावली. पुढे काहीच सिद्ध होईना. दुसरी अडचण अशी की, तो ज्या जातीचे डास तपासत होता त्यांत माणसाच्या हिवतापाचा जंतू वाढतच नाही. डासांच्या शास्त्रीय जाती त्याला ठाऊक नव्हत्या. करडे डास, पट्ट्यांचे डास, ठिपकेदार पंखांचे डास अशी स्वतः बसविलेली नावेच तो वापरी. भरीस भर म्हणून १८९५ च्या सप्टेंबरात बंगळुरास पटकीची साथ आली आणि सरकारने त्याला तिकडे धाडले. जवळजवळ दोन वर्षे तेथल्या गटारांच्या आणि पाणीपुरवठ्याच्या व्यवस्थेत गेली. याच काळात, डासाचा दंशच रोगास कारण होत असावा, असे त्याच्या मनाने घेतले. मॅन्सनला हे पटावयास वेळ लागला. गुरूचा प्रश्न हाती धरून गुरूचे उत्तर टाकून देणे शिष्याला भाग होते, आणि ते त्याने केले.

१८९७ च्या उन्हाळ्यात तो पुन्हा सिकंदराबादेस आला. उकाडा असह्य; पण पंखा ओढावयाची सोय नाही, कारण वाऱ्याने चिरलेले डास उडून जात. कपाळावरच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. ऑगस्टमध्ये ठिपकेदार पंखांचे थोडे डास हाती आले. हुसेनखान नावाच्या रोग्याने डासामागे एक आणा घेऊन ते आपल्या अंगावर चावू दिले. २० ऑगस्ट रोजी त्यांपैकी एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉसला गोल पेशी दिसल्या आणि त्यांत हिवतापाच्या जंतूचे ओळखीचे काळे कण होते. दुसऱ्या दिवशी उरलेल्या डासात त्याच पेशी वाढून मोठ्या झालेल्या आढळल्या. १८ डिसेंबर १८९७ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे प्रसिद्ध झाले, ते मॅन्सनच्या अभिप्रायासह.

आता कोणासही वाटेल की सरकारने या माणसाला तेथेच स्वस्थ बसू दिले असेल. घडले ते उलटेच. सप्टेंबर संपण्याच्या सुमारास बदलीचा हुकूम आला आणि थोड्याच दिवसांत रॉस मेवाडातील खेरवाडा या आडबाजूच्या छावणीत जाऊन पडला. तेथे हिवतापाचे रोगी जवळजवळ मिळेनात. ज्या मार्गावर अडीच वर्षे रक्त आटविले, त्याच्या मुखाशी येऊन तो थांबला. यात कोणाचा द्वेष नव्हता, कट नव्हता. यादीत एक जागा रिकामी होती, एक अधिकारी मोकळा होता, आणि नियमाप्रमाणे एक नाव दुसऱ्या नावापुढे लिहिले गेले. सरकारी कचेरीचा ज्याला अनुभव आहे, त्याला याहून अधिक सांगावयास नको.

माझ्या मते मॅन्सनची खरी थोरवी येथे दिसते. त्याने सांत्वनाचे पत्र लिहून हात झटकले नाहीत. लंडनमध्ये त्याच्या शब्दाला वजन होते. ते त्याने खर्ची घातले, अधिकाऱ्यांना गाठले, या कामाचे महत्त्व त्यांना पटवून दिले. हिंदुस्थानातील वैद्यकीय खात्याच्या प्रमुखांचीही अनुकूलता मिळाली. अखेर हिवताप आणि काळा आजार यांच्या संशोधनासाठी रॉसची खास नेमणूक झाली आणि १८९८ च्या फेब्रुवारीत तो कलकत्त्यास पोचला. मार्गदर्शकाचे काम केवळ विचार सुचविण्याचे असते, अशी आपली समजूत असते. पण पुष्कळदा विचाराला बसावयास खुर्ची आणि टेबल मिळवून देणे, हेच त्याचे सर्वांत मोठे काम ठरते.

कलकत्त्यात नवी अडचण उभी राहिली. १८९६ साली मुंबईत उद्भवलेला आणि पुण्यात हाहाकार उडविलेला प्लेग आता कलकत्त्याच्या दाराशी आला होता. सरकारी डॉक्टर सुई घेऊन आला की लोक पळत; रक्ताचा थेंब द्यावयास कोणी तयार होईना. तेव्हा रॉस पक्ष्यांच्या हिवतापाकडे वळला. महंमद बक्ष हा त्याचा मदतनीस डास वाढवी, चिमण्या पकडून आणी आणि रात्री त्या डासांसह मच्छरदाणीत ठेवी. जुलैच्या प्रारंभी जंतूंची वाट सबंध दिसली: डासाच्या जठरातून ते त्याच्या लाळग्रंथीत येतात आणि दंशाबरोबर पक्ष्याच्या रक्तात उतरतात. निरोगी चिमण्या डास चावल्याने आजारी पडल्या. पाणी पिण्याचा प्रश्न कायमचा मिटला. ही वार्ता त्याच महिन्यात एडिंबरो येथील ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत जगापुढे ठेवली, ती मॅन्सननेच. आपले एक आवडते मत त्यामुळे कोसळत होते, याचे दुःख त्याने दाखविले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रासी आणि त्याच्या इटालियन सहकाऱ्यांनी माणसाच्या हिवतापाचे चक्र ॲनॉफेलिस डासात पूर्ण दाखविले. १९०० साली रोमहून मागविलेले दूषित डास मॅन्सनने लंडनमध्ये चावू दिले, ते स्वतःच्या मुलाला. मुलाला ताप आला, क्विनीनने तो बराही झाला, आणि उरलेल्या शंकेखोरांची तोंडे बंद झाली.

१९०२ चे नोबेल पारितोषिक एकट्या रॉसला मिळाले. कथा येथे संपली असती तर ती फार गोड झाली असती. ग्रासीशी श्रेयावरून रॉसचे भांडण जुंपले होतेच. पुढे मॅन्सनविषयीही त्याचे मन कडू झाले. १९१२ साली एका शिफारसपत्रातील मजकुरावरून त्याने आपल्या गुरूवर अब्रुनुकसानीची कायदेशीर कारवाई आरंभली. सत्तरीकडे झुकलेल्या मॅन्सनने दिलगिरी व्यक्त करून ते प्रकरण मिटविले. १९२२ मध्ये मॅन्सन गेला, १९३२ मध्ये रॉस.

याला कृतघ्नपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु रॉसची बाजूही समजून घ्यावयास हवी. उन्हात बसून सूक्ष्मदर्शकावर डोळे फोडले ते त्याने. गुरूचे चुकीचे अनुमान टाकले ते त्याने. आणि लोक मात्र कल्पना मॅन्सनची होती म्हणत राहिले. दुसऱ्याने दिलेल्या प्रश्नाचे ऋण मानी माणसाला जन्मभर टोचत राहते. मॅन्सनने त्या ऋणाची वसुली कधी मागितली नव्हती, तरीही ते फिटले नाही. हुसेनखान आणि महंमद बक्ष यांच्या ऋणाचा तर कोणी हिशेबच मांडला नाही. एकाचे काही आणे झाले, दुसऱ्याचा पगार झाला, आणि खाते बंद झाले.

आज विद्यापीठांतून मार्गदर्शकांची नेमणूक नियमांनी होते, त्यांची नावे प्रबंधाच्या पहिल्या पानावर छापली जातात. ते योग्यच आहे. तथापि मार्गदर्शक ओळखावयाची खूण या जुन्या पत्रव्यवहारात सापडते. त्याने नेमका प्रश्न द्यावा, आपले उत्तर खोटे ठरले तर ते स्वतःच्या तोंडाने जाहीर करावे, आणि शिष्य खेरवाड्यास अडकला असता दारोदार जाऊन त्याची सुटका करावी. एवढे ज्याने केले, त्याचे नाव पारितोषिकावर नसले तरी चालते. आणि आपल्यापैकी जे कोणी बदल्यांच्या याद्या तयार करीत असतील, त्यांनी एखाद्या नावापुढे नवे ठिकाण लिहिण्यापूर्वी तो मनुष्य सध्या काय करीत आहे, एवढे एकदा विचारून घ्यावे.