सचिनचा रनआउट आणि सेकंदाचे पन्नास तुकडे

हेडफोन नीट लावा, आज क्रिकेट बोलायचंय, पण स्कोअरबोर्डवरचं नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न असतो की आमच्या टेनिस बॉल टूर्नामेंटचा व्हिडिओ काढायचाय, मोबाईलचं सेटिंग काय ठेवू? उत्तर देतो. पण त्यासाठी आधी डर्बनला जावं लागेल.

१४ नोव्हेंबर १९९२, किंग्समीडचं मैदान. बहिष्कार संपल्यावर दक्षिण आफ्रिका तब्बल बावीस वर्षांनी घरच्या मैदानावर कसोटी खेळतेय आणि समोर आहे भारत. सचिन तेंडुलकर १९ वर्षांचा. तो धाव घ्यायला निघतो, परत फिरतो, तोवर जॉन्टी ऱ्होड्सचा थ्रो आलेला असतो. पंच सिरिल मिचली बोट वर करत नाहीत. ते हातांनी हवेत एक चौकोन काढतात. आज गल्लीतली पोरंसुद्धा हा चौकोन काढतात, पण कसोटीत तो पहिल्यांदा निघाला त्या दिवशी. आत टीव्हीसमोर बसलेल्या कार्ल लीबेनबर्ग यांनी रिप्ले पाहिला आणि सचिन आउट. थर्ड अंपायरने बाद दिलेला जगातला पहिला खेळाडू आपला मुंबईचा पोरगा. जाता जाता एक गंमत: ज्या देशात हे झालं, तिथे टीव्हीच मुळात १९७६ साली आला होता.

हा किस्सा बहुतेकांना माहीत असतो. मला त्यात कायम दुसरीच गोष्ट छळते. लीबेनबर्ग यांच्या स्क्रीनवर नेमकं दिसत काय होतं?

दक्षिण आफ्रिकेचा टीव्ही पाल पद्धतीचा होता, आपल्या दूरदर्शनसारखाच. पाल म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत: आधी एक सोडून एक अशा रेघा, मग उरलेल्या. म्हणजे सेकंदाचे पन्नास तुकडे, प्रत्येकात निम्मं चित्र. आता साधं गणित करा. जिवाच्या आकांताने पळणारा बॅट्समन सेकंदाला साधारण ७ मीटर जातो असं धरू. भागिले ५०, म्हणजे दोन तुकड्यांच्या मध्ये तो १४ सेंटीमीटर पुढे सरकलेला असतो. बॅटची रुंदी नियमाने जास्तीत जास्त १०.८ सेंटीमीटर. थोडक्यात, दोन चित्रांच्या मध्ये अख्ख्या बॅटच्या रुंदीहून जास्त अंतर गायब! बेल्स नेमक्या त्या फटीत उडाल्या, तर रिप्ले शंभरदा मागे-पुढे केला तरी उत्तर टेपवर नसतंच. सचिनचा निर्णय बरोबर की चूक यात मी पडत नाही. माझं म्हणणं एवढंच, की माणसाचा डोळा चुकतो म्हणून आपण कॅमेरा आणला आणि कॅमेऱ्यालाही पापणी असते हे विसरलो.

बरं, पन्नासच का? क्रिकेटशी काही संबंध नाही. तिकडच्या आणि आपल्याकडच्या विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, टीव्हीचा ताल तिच्याशी जुळवला. पाल रंगपद्धत शोधली टेलिफुंकेन कंपनीतल्या वाल्टर ब्रुख या इंजिनिअरने, आणि हाच माणूस तरुणपणी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये टीव्ही कॅमेरा चालवत होता. तो कॅमेरा दोन मीटरपेक्षा लांब. लोक त्याला टेलिव्हिजनची तोफ म्हणायचे. इतकी मोठी लेन्स लागली, कारण धावपटू लांब आणि तेव्हाच्या कॅमेऱ्यांची प्रकाशाची भूक प्रचंड.

प्रकाशाचा हा हिशोब टीव्हीच्याही आधीचा. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने धावत्या घोड्याचे फोटो काढले, तेव्हा शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ उघडायचं. इतक्या कमी वेळात प्रकाश येणार किती? मग पठ्ठ्याने मागे पांढरी भिंत उभारली आणि घोड्याच्या वाटेवर पांढरी पूड पसरली. शटर जलद हवं असेल तर प्रकाशाचं बिल कुठूनतरी भरावं लागतं.

इथे शटर आणि फ्रेम रेट यात गल्लत करू नका. सेकंदाला किती चित्रं हा फ्रेम रेट. प्रत्येक चित्र किती वेळ उघडं हे शटर. १४० च्या स्पीडचा बॉल सेकंदाला ३९ मीटर जातो. शटर १/५० असेल तर तो जवळपास ७८ सेंटीमीटर लांब पट्टा होऊन दिसतो, १/१००० ला फक्त ४ सेंटीमीटर फरफटतो. पण प्रकाश वीसपट कमी.

आता कॅमेरा कुठे ठेवायचा. १९७७ पर्यंत क्रिकेट एकाच टोकाकडून दाखवायचे, म्हणजे एक ओव्हर बॅट्समनचा चेहरा आणि दुसरी ओव्हर विकेटकीपरची पाठ. केरी पॅकरच्या चॅनल नाइनने वर्ल्ड सिरीज क्रिकेटमध्ये दोन्ही टोकांना कॅमेरे लावले. माझ्या मते रंगीत कपड्यांपेक्षा हा बदल मोठा आहे, पण कपडे फोटोत छान दिसतात म्हणून तेच लक्षात राहिले. या कॅमेऱ्यामुळे एक भ्रम मात्र आला. सीमारेषेबाहेरून लांब लेन्सने पाहिलं की २० मीटरची खेळपट्टी चार पावलांची वाटते. लेन्स दाबते म्हणतात, पण खरं तर दाबतं ते अंतर. जवळचा आणि लांबचा स्टंप दोन्ही कॅमेऱ्यापासून सारखेच लांब असल्यासारखे होतात. सोफ्यावर बसून "हा तर सरळ एलबी होता" म्हणणाऱ्या काकांना एवढं सांगा.

आणि एवढं सगळं असून कॅमेरा विचारायचाच नाही असं कुणी ठरवलं तर? डर्बननंतरचीच कसोटी, जोहान्सबर्ग. यावेळी रनआउटच्या अपीलमध्ये सापडला तोच ऱ्होड्स. पंच स्टीव्ह बकनर यांनी चौकोन काढलाच नाही, नॉट आउट दिलं. रिप्लेत तो बाहेर दिसत होता. ऱ्होड्सने पुढे ९१ केले. म्हणजे यंत्रणा त्यांची, पहिला बळी आपला आणि सूटही त्यांनाच. (बकनर हे नाव ऐकून काही जणांचं बीपी वाढलं असेल, पाणी प्या.)

तर तुमचा मोबाईल. रनआउटसाठी कॅमेरा क्रीझच्या पांढऱ्या रेषेच्या अगदी सरळ रेषेत, ट्रायपॉडवर, फिल्डर आडवा येणार नाही इतका उंच. हातभर जरी पुढे-मागे सरकला तरी बॅट आत-बाहेर भासते. दिवसा २४० फ्रेम लावा. १४ सेंटीमीटरची फट ३ वर येते. ऑटो मोडवर सोडू नका, कारण अंधार वाटला की बरेच फोन गुपचूप फ्रेम रेट कमी करतात. टेली लेन्सचंही तेच: प्रकाश कमी झाला की काही फोन मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करतात, वर टेलीचं बटण तसंच पेटलेलं. लेन्सवर बोट धरून बघा, चित्र काळं झालं नाही तर फसवणूक चालू आहे.

रात्रीच्या टूर्नामेंटला खरी पंचाईत. आपल्याकडचे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे १/१००० शटरला एक फ्रेम उजळ, एक काळपट. १/१०० ठेवलं तर लुकलुक जाते, पण पळणाऱ्याची बॅट ७ सेंटीमीटर फरफटते. मी रात्री १/१०० च ठेवतो, आणि बॅट त्या फरफटीच्या आत असेल तर शंकेचा फायदा बॅट्समनला, हे टॉसच्या आधी दोन्ही कॅप्टनना सांगून टाकतो.