सीमांतर आणि परवाना : अहमदपूर तालुक्याच्या निमित्ताने

एका देशात मोटार चालविण्याचा परवाना मिळविलेल्या मनुष्याने दुसऱ्या देशात वास्तव्य केले, म्हणजे त्या परवान्याचे मोल काय राहते, हा प्रश्न सामान्यतः स्थलांतराच्या संदर्भात विचारला जातो. माणूस हलतो आणि राज्ये आपापल्या जागी स्थिर असतात, असे त्यात गृहीत धरलेले असते. मराठवाड्याच्या इतिहासात या प्रश्नाचे उलट रूप आढळते. अहमदपूरचा रहिवासी जागचा हलला नाही; राज्य मात्र त्याच्या भोवती तीनदा बदलले. तरीही कायद्याने त्याच्या हातातील परवाना रद्द मानला नाही. हे कसे घडले, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

१९४८ पूर्वी अहमदपूर हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्ह्याचा तालुका होता. ब्रिटिश हिंदुस्थानचा १९३९ चा मोटार वाहन कायदा संस्थानात लागू नव्हता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, दप्तरी कालगणना फसली सनाची आणि नाणे हाली शिक्क्याचे असे. सात हाली रुपयांस सहा कलदार हा त्याचा प्रचलित भाव होता. सीमेवर करोडगिरीचे नाके होते. संस्थानच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी प्रवासी मोटारसेवाही सुरू केली होती. १५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतच्या तेरा महिन्यांत तर, निजाम सरकारच्या दाव्याप्रमाणे, हे स्वतंत्र राष्ट्रच होते. अर्थात संस्थानी परवाना हा वेगळ्या विधिव्यवस्थेतून निर्माण झालेला कागद होता.

या कागदाचे भारतीय परवान्यात रूपांतर झाले, ते एका कलमाने. २६ जानेवारी १९५० रोजी हैदराबाद हे ‘ब’ वर्गाचे राज्य ठरले, आणि त्या वर्गातील राज्यांना केंद्रीय कायदे लागू करणारा १९५१ चा अधिनियम त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून अमलात आला. मोटार वाहन कायदा त्याच वेळी हैदराबादेत आला. अधिनियमाच्या सहाव्या कलमाने तत्सम संस्थानी कायदे रद्द केले; परंतु त्या कायद्यांखाली दिलेली प्रमाणपत्रे, परवाने व केलेल्या नोंदी या नव्या कायद्याखालीच झाल्या आहेत असे समजले जाईल, अशी पुस्तीही जोडली. कोणाची नव्याने परीक्षा घेतली गेली नाही. ‘समजले जाईल’ एवढ्या क्रियापदाने काम भागले.

दुसरे सीमांतर १ नोव्हेंबर १९५६ चे. राज्य पुनर्रचनेत अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके बीदरमधून निघून मुंबई राज्यात आले व उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले. चालकाच्या परवान्याची अडचण या वेळी नव्हती, कारण १९३९ च्या कायद्यानुसार तो भारतभर ग्राह्य होता. अडचण होती ती वाहतुकीच्या परवान्याची. तो विशिष्ट प्राधिकरण विशिष्ट क्षेत्रापुरता देते, आणि अन्य क्षेत्रासाठी त्यावर तेथील प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी लागते. पुनर्रचनेच्या कायद्याने म्हणून तात्पुरती तरतूद केली, की पूर्वी ज्या भागात परवाना चालत असे, त्या भागात तो प्रतिस्वाक्षरीवाचूनही चालू राहील. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य निर्माण होताना हीच तरतूद पुन्हा करावी लागली.

येथे शब्दांचा विचार आवश्यक ठरतो. फारसीतून आलेला ‘परवाना’ हा शब्द व्यवहारात दोन्ही कागदांना लावला जातो. शासकीय मराठीने पुढे चालकाच्या कागदास ‘अनुज्ञप्ती’ व वाहतुकीच्या कागदास ‘परवाना’ असा भेद केला. लोकांनी ‘लायसन’च पत्करले, आणि ‘अनुज्ञप्ती’ची क्लिष्टता हा थट्टेचा विषय झाला, तथापि भेद कृत्रिम नव्हे. पहिला कागद व्यक्तीच्या कौशल्याची साक्ष देतो, दुसरा भूप्रदेशावरील अधिकार सांगतो. सीमा बदलली की दुसऱ्याचा आधार सुटतो. पहिल्याचा सुटण्याचे तात्त्विक कारण नाही. चालकाचा हात सीमेबरोबर बदलत नाही.

आंतरराष्ट्रीय व्यवहारात मात्र हे तत्त्व सर्वत्र पाळले जात नाही. १९२६ चा पॅरिस व १९४९ चा जिनिव्हा येथील करार यांनी तात्पुरत्या प्रवाशाची सोय केली, स्थायिक होणाऱ्याची नव्हे. भारताच्या १९८८ च्या कायद्यातील नवव्या कलमान्वये परदेशी परवाना धारण करणाऱ्यास, शारीरिक पात्रतेची अट पुरी झाल्यास, चालकपरीक्षेतून सूट मिळते. उलट ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीयाचा परवाना बारा महिन्यांपुरताच चालतो. पुढे त्यास तेथील परीक्षा द्यावी लागते.

१९८२ मध्ये अहमदपूर नव्या लातूर जिल्ह्यात गेले. या सर्व स्थित्यंतरांत तालुका समूहाने सीमेपार गेला, आणि समूहासाठी कायद्याने पुस्ती लिहिली. त्याच तालुक्यातून एकटा परदेशी जाणाऱ्या चालकासाठी ती कोणी लिहीत नाही. परवान्याचे रूपांतर वरकरणी कौशल्याच्या तपासणीचा प्रश्न दिसते. अहमदपूरच्या उदाहरणावरून मात्र असे दिसते, की ते मूलतः एका राज्याने दुसऱ्याच्या शब्दावर ठेवलेल्या विश्वासाचे मापन होय.