शिंके तुटले, बोका सुटला

सप्टेंबर १८६८. लंडनच्या मनीऑर्डर कचेरीत उंदरांनी उच्छाद मांडला होता. कचेरीच्या प्रमुखाने वर अर्ज केला: तीन मांजरी ठेवायची परवानगी द्यावी आणि त्यांच्या पोटापाण्यासाठी आठवड्याला २ शिलिंग मंजूर करावेत. मंजुरी आली, पण सरकारी खाक्यातच. मांजरी ठेवा, शक्यतो माद्याच ठेवा, सहा महिने त्यांचं काम बघा. पैसे मात्र २ नव्हे, १ शिलिंग. उरलेली भर त्यांनी उंदरांवर काढावी. आणि उंदीर कमी झाले नाहीत, तर आहे त्या भत्त्यालाही कात्री लागेल. मांजरींना जास्त खायला घालता कामा नये, हेही साहेबांनी आवर्जून नोंदवलं होतं.

मांजरीने किती खावं, यावर निघालेला हा बहुधा सर्वांत काटकसरी सरकारी हुकूम असावा. त्यात मांजरीच्या तब्येतीची काळजी औषधालाही नव्हती. पोट भरलं की मांजर उंदराकडे ढुंकून बघणार नाही, एवढाच त्यामागचा हिशेब. तो हिशेब पुरता खरा नव्हता. भूक आणि शिकारीची खुमखुमी या मांजरात दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि पोटभर जेवलेलं मांजरही उंदीर मारू शकतं, हे पाउल लायहाउझेनसारख्या प्राणिवर्तन अभ्यासकांनी पुढे दाखवून दिलं. पण कच्च्या हिशेबाने का होईना, मनीऑर्डर कचेरीतल्या मांजरी सडपातळ राहिल्या असणार. त्यांचं काम साहेबांच्या पसंतीस उतरलं आणि १८७३ मध्ये त्यांना आठवड्याला ६ पेनींची वेतनवाढ मिळाली.

एका शिलिंगाचे पेनी बारा. म्हणजे दर मांजरीला आठवड्याला ४ पेनी. त्या काळी लंडनमध्ये मांजरांचं खाणं म्हणजे घोड्याचं उकडलेलं मांस. कत्तलखान्यातून ते उचलून, तुकडे काड्यांना टोचून, हातगाडीवर किंवा टोपलीत घेऊन फेरीवाले गल्लोगल्ली हिंडत. अर्ध्या पेनीची काडी, एका पेनीची काडी असा सौदा. ठरलेल्या वेळी ठरलेल्या दारात फेरीवाला यायचा आणि त्याची हाळी ओळखून मांजरं आधीच उंबऱ्यावर हजर असायची. लंडनच्या कष्टकऱ्यांच्या जगण्याची नोंद करणाऱ्या हेन्री मेह्यूने १८५१ च्या सुमारास शहरातली मांजरं ३ लाखांच्या घरात असल्याचा अंदाज बांधला होता. काडीवर मांस किती, हे फेरीवाला ठरवी आणि काड्या किती, हे मालकाचा खिसा ठरवी. मांजराची मर्जी या व्यवहारात कुठेच नव्हती.

मराठी घरात हेच काम शिंकं करत असे. दुधाचं भांडं आढ्याला टांगलेलं आणि खाली वर बघत बसलेला बोका.

सरकारी मांजरांची ही शिस्त बिघडली ती लाडापायी. लंडनच्या गृहखात्यात १९२० च्या दशकाच्या अखेरीस पीटर नावाचा काळा बोका होता. येता-जाता कर्मचारी डब्यातला तुकडा त्याच्यापुढे टाकत आणि पीटरने उंदरांचा नाद सोडून दिला. मग त्याला खाऊ न देण्याचं फर्मान निघालं आणि त्याऐवजी १९२९ मध्ये किरकोळ खर्चातून दिवसाला १ पेनी मंजूर झाला. एका बोक्याच्या जेवणाची सूत्रं वीसजणांच्या हातून काढून एकाच माणसाकडे सोपवणं, हा उपाय आजचा पशुवैद्यही सुचवतो. घरात आजी एकदा घालते, नातू एकदा घालतो आणि रात्री उशिरा आलेला मुलगा पुन्हा घालतो. तिघेही शपथेवर सांगतात की, आपण एकदाच घातलं.

पोस्ट खात्याला मात्र पीटरचा धडा पोचला नसावा. तिथल्या मुख्यालयात १९५० मध्ये जन्मलेला टिब्ज तळघरातल्या उपाहारगृहात राहायला होता, आणि उपाहारगृह म्हणजे बोक्याच्या हाती किल्ल्याच. टिब्जचं वजन २३ पौंडांपर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेदहा किलोंपर्यंत गेलं. साधारण घरगुती मांजर ४ ते ५ किलोंचं असतं, हे लक्षात घेतलं की, हा ऐवज दोन मांजरांचा होता. तरी चौदा वर्षं त्याने इमारतीत उंदीर फिरकू दिला नाही अशी त्याची ख्याती, आणि १९६४ च्या डिसेंबरात तो गेला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली. मुख्यालयातली शेवटची मांजर ब्लॅकी १९८४ मध्ये वारली. तोवर टपालाच्या कापडी पिशव्या जाऊन उंदरांना दाद न देणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या येऊ लागल्या होत्या. नोकरीच उरली नाही.

नोकरी गेली, पगार मात्र वाढत गेला. जगभरच्या मांजरांची गोष्ट थोडक्यात अशी आहे, आणि तिचं मुख्य ठाणं विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत आहे. १९४७ मध्ये मिशिगनमधल्या एडवर्ड लो याने शेजारणीला मांजराच्या पेटीसाठी राखेऐवजी शोषक माती दिली आणि त्यातून ‘किटी लिटर’चा धंदा उभा राहिला. मांजराला विधीसाठी बाहेर सोडायची गरज संपली. ते चोवीस तास घरात राहू लागलं. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई झाल्यामुळे प्राण्यांचं डबाबंद खाणं मागे पडलं आणि कोरड्या खाण्याला वाव मिळाला. युद्धानंतर पीठ दाबाने आणि उष्णतेने फुलवून दाणे पाडायचं तंत्र आलं. १९६२ मध्ये पुरीनाचं ‘कॅट चाऊ’ बाजारात उतरलं. घोड्याचं मांस संध्याकाळपर्यंत वास मारायचं. हे दाणे दिवसभर वाटीत पडले तरी त्यांना काही होत नाही. वाटी कायमची भरलेली ठेवायची सवय इथून लागली. त्यातच नसबंदी सर्रास होऊ लागली. ती आवश्यकच आहे, पण तिच्यानंतर मांजराची ऊर्जेची गरज पाव ते एक तृतीयांश हिश्शाने घटते आणि भूक उलट वाढते, हे मालकाला सांगायचं अनेकदा राहून जातं.

तो दाणा जरा जवळून बघण्यासारखा आहे. मांजराला गोड चव कळतच नाही. त्या चवीचं जनुक त्याच्या कुळात निकामी झालेलं आहे, हे अमेरिकेतल्या मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं. म्हणून कारखान्यात दाण्यावर साखर नाही, तर चरबी आणि मांसाचा पाचित अर्क फवारतात. बोटांना लागतो तो तेलकटपणा त्याचाच. एका उंदरातून मांजराला ३० कॅलरींच्या आसपास मिळतात. तेवढ्याच कॅलरी सुमारे ८ ग्रॅम दाण्यांत, म्हणजे चमचाभरात असतात. उंदरामागे तास-अर्धा तास दबा धरावा लागतो, चमचा रिकामा व्हायला अर्धं मिनिट पुरतं.

या वाटेचं टोक ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहराजवळ सापडतं. हिमी हा तिथला बोका २१.३ किलोंचा होता आणि त्याला हातगाड्यावर घालून हलवावं लागे. श्वसन बंद पडून १९८६ मध्ये, दहा वर्षांचा असताना तो मेला. त्याच्या विक्रमाला मागे टाकण्यासाठी कुणी मांजरांना कोंबू नये म्हणून गिनेस बुकने सर्वांत जड मांजराचा विक्रमच बंद केला. चांगला निर्णय, पण उशिराच.

लठ्ठपणा मोजायची रीतसर पट्टी तर त्यानंतर आली. १९९७ मध्ये डॉटी लाफ्लेम यांनी मांजरांसाठी १ ते ९ गुणांची मोजपट्टी पक्की केली; ५ म्हणजे योग्य. काटा लागत नाही. बरगड्यांवरून हात फिरवायचा, वरून बघून कंबर दिसते का ते पाहायचं. मागच्या पायांमधली लोंबती झोळी पुष्कळ मांजरांना जन्मजात असते, तिच्यावरून निकाल द्यायचा नाही. लाफ्लेम पुरीनातच संशोधक होत्या. दाणे विकणाऱ्या घरातूनच ढेरी मोजायची पट्टी निघाली, यात ढोंग शोधायचं की प्रामाणिकपणा, हे ज्याने त्याने ठरवावं. पट्टी मात्र उपयोगी आहे आणि जगभर वापरली जाते. अमेरिकेतल्या एका संघटनेच्या २०२२ च्या पाहणीत ६१ टक्के मांजरं जास्त वजनाची निघाली.

आज मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधली मांजरंही याच रांगेत आहेत. मासळीबाजारात कोळणीच्या पाटीखाली बसणारी त्यांची भावंडं हडकुळी, आणि चौथ्या मजल्यावरची खिडकीच्या जाळीमागे सुटलेली. वजन वाढलं म्हणून दाणे बंद करून पुन्हा दूधभातावर आणायचा विचार काही घरांत होतो, तो करू नये. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं आणि दूधभातात ते पुरेसं नसतं. ते कमी पडलं तर हृदयाचा स्नायू खचतो, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत १९८७ मध्ये सिद्ध झालं आहे. उपास घडवणं तर त्याहून घातक. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिलं की, अंगातली चरबी यकृतात साचते आणि जिवावर बेततं. १८६८ च्या साहेबांची भत्ताकपात घरी आणायची नाही, ती याचसाठी.

तेव्हा आधी पशुवैद्याकडून तपासणी करून घ्या आणि दिवसाचा शिधा ग्रॅममध्ये लिहून मागा. तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावरच मोजा, कपाने नको. कपाचं माप हाताहाताला बदलतं. आठवड्याला वजन एक ते दोन टक्के उतरलं तरी भरपूर झालं: ७ किलोंच्या बोक्याचे ७० ते १४० ग्रॅम. आणि त्याने सलग दिवसभर वाटीला तोंड लावलं नाही, तर डाएट बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.